पीजीबाउन्सर परीक्षण: कोणत्या मोडमध्ये काय मोडतं

पोस्टग्रेस या डेटाबेसवरचा भार वाढला की दोन सल्ले हमखास मिळतात: मोठं मशीन घ्या, नाहीतर 'मॅक्स_कनेक्शन्स' १०० वरून १००० करा. पहिला खर्चिक, दुसरा बहुतेक वेळा अंगाशी येणारा. दोन्हींच्या आधी पीजीबाउन्सर बसवून पाहावं. आयएससी लायसन्सखाली फुकट मिळणारं, सी भाषेत लिहिलेलं हे छोटंसं कनेक्शन पूलर आहे, म्हणजे डेटाबेसची थोडीच कनेक्शनं उघडी ठेवून ती अनेक क्लायंटांना आळीपाळीने वापरू देणारा मधला प्रोग्रॅम. २००७ साली ते स्काइपमधून बाहेर आलं आणि आजही त्यावर नियमित काम चालू आहे. हे परीक्षण १.२१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांचं आहे. त्याहून जुनी आवृत्ती चालवत असाल तर खालचा प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा भाग आधी वाचा आणि मग अपग्रेडचं ठरवा.

हे का लागतं? पोस्टग्रेस दर कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस उघडतं. प्रोसेस फोर्क होणं, पासवर्डची पडताळणी, टीएलएस असेल तर त्याची बोलणी, आणि मग सिस्टिम कॅटलॉगची कॅश शून्यापासून भरणं, हे सगळं पहिल्या क्वेरीच्या आधी किंवा तिच्यासोबत होतं. एक साधी सिलेक्ट क्वेरी एका मिलिसेकंदात संपते, पण तिच्यासाठी नवं कनेक्शन उघडायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. पीएचपीसारखी दर रिक्वेस्टला कनेक्शन उघडून बंद करणारी ॲप्लिकेशनं इथेच मार खातात आणि पीजीबाउन्सरचा सर्वांत मोठा फायदाही त्यांनाच दिसतो.

उघडी राहिलेली कनेक्शनंही फुकट नसतात. प्रत्येक प्रोसेस काही एमबी मेमरी धरून बसते, आणि हजारो पार्टिशनं असलेल्या डेटाबेसमध्ये ही मेमरी दिवसभर फुगत जाते. 'वर्क_मेम' ही मर्यादा कनेक्शनला नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला आणि हॅशला असते. ती ६४ एमबी ठेवली, क्वेरीत असे तीन टप्पे असले आणि ५०० कनेक्शनं एकदम कामाला लागली तर हिशेब ९६,००० एमबीवर जातो. पोस्टग्रेस १५ पासून 'हॅश_मेम_मल्टिप्लायर' डिफॉल्टनेच २ असल्यामुळे हॅशचा वाटा दुप्पट धरावा लागतो. मेमरी संपली की लिनक्स एका प्रोसेसचा बळी घेतो, आणि शेअर्ड मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस उरलेली सगळी कनेक्शनं तोडून क्रॅश रिकव्हरीत जातं. पोस्टग्रेस १४ मध्ये स्नॅपशॉट घेण्याचं काम खूप सुधारलं, रिकाम्या कनेक्शनांचा भुर्दंड बराच कमी झाला, हे खरं. पण 'आता १४ आलं, पूलर कशाला' असं म्हणणाऱ्यांनी मेमरीचा आणि लॉकसाठी होणाऱ्या झटापटीचा हिशेब केलेला नसतो.

एकाच वेळी खरंच किती कनेक्शनं कामाची असतात? पोस्टग्रेसच्या जगात जुना ठोकताळा आहे: कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या. १६ कोअरच्या मशीनला ३५-४० पासून सुरुवात करावी. दुसरा हिशेब आणखी नेमका आहे: सेकंदाला होणारी ट्रान्झॅक्शनं गुणिले एका ट्रान्झॅक्शनचा सरासरी वेळ. सेकंदाला २००० ट्रान्झॅक्शनं, प्रत्येकी ५ मिलिसेकंद, म्हणजे सरासरी फक्त १० कनेक्शनं कामात. लाट येते तेव्हासाठी तिप्पट धरा, तरी ३०. पाचशेचा आकडा बहुधा कुणीही मोजलेला नसतो.

बसवायला काही नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत ॲप्ट आणि यम भांडारांत पॅकेज आहे, डिफॉल्ट पोर्ट ६४३२. एका आयएनआय फाइलीत सगळी सेटिंग, दुसऱ्या साध्या फाइलीत युजर आणि पासवर्ड. डेटाबेस मशीनवरच ठेवलं तर पोस्टग्रेसशी युनिक्स सॉकेटने जोडावं. वेगळ्या मशीनवर ठेवलं तर नेटवर्कची एक उडी वाढते, हे लक्षात ठेवावं. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी: 'पीजीबेंच' हे वेग मोजण्याचं साधन दहा क्लायंटवर चालवलंत तर पीजीबाउन्सरमधून आकडे थेट जोडणीपेक्षा कमीच येतील. मधे एक टप्पा वाढतो, दुसरं काय होणार? फरक दिसतो तो शेकडो क्लायंट झाल्यावर किंवा '-सी' हा ऑप्शन मोठ्या लिपीत देऊन दर ट्रान्झॅक्शनला नवं कनेक्शन उघडायला लावल्यावर.

पासवर्डच्या बाबतीत अनेकांचा वेळ जातो. 'स्क्रॅम' ही पासवर्ड पडताळणीची पद्धत वापरत असाल आणि युजर फाइलीत पासवर्डाऐवजी त्याचं स्क्रॅम गुपित ठेवत असाल तर ते पोस्टग्रेसमधल्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. पासवर्ड तोच पण पोस्टग्रेसमध्ये पुन्हा सेट केला, तर त्यात मिसळला जाणारा यादृच्छिक सॉल्ट बदलतो, गुपित बदलतं आणि लॉगिन नाकारलं जातं. ही फाइल हाताने सांभाळण्यापेक्षा 'ऑथ_क्वेरी' वापरावी: डेटाबेसमध्ये 'सिक्युरिटी डिफायनर' असलेलं एक छोटं फंक्शन, जे 'पीजी_शॅडो'मधून एका युजरचीच ओळ देतं. ते चालवण्याचा हक्क फक्त पीजीबाउन्सरच्या युजरला द्या आणि सर्वसामान्यांकडून काढून घ्या. डेटाबेस अनेक असतील तर 'ऑथ_डीबीनेम' दिल्यावर फंक्शन एकाच ठिकाणी ठेवता येतं.

आता मुख्य प्रश्न, मोड. तीन आहेत: सेशन, ट्रान्झॅक्शन, स्टेटमेंट. डिफॉल्ट सेशन आहे आणि गैरसमजाचं मूळही तेच. सेशन मोडमध्ये क्लायंट जोडलेला असेपर्यंत पोस्टग्रेसचं एक कनेक्शन त्याच्या नावावर अडकून राहतं. तुमच्या जावा ॲप्लिकेशनात हिकारी हा आतला कनेक्शन पूल असेल तर ते आपली दहा-दहा कनेक्शनं सोडतच नाही. मग मधे पीजीबाउन्सर असून नसल्यासारखं. 'बसवलं पण काही फरक पडला नाही' ही तक्रार कानावर आली की आधी मोड विचारावा. खरा फायदा ट्रान्झॅक्शन मोडचा: कमिट किंवा रोलबॅक होताच कनेक्शन दुसऱ्याला मोकळं. पाच हजार क्लायंट चाळीस कनेक्शनांवर चालतात ते यामुळेच. स्टेटमेंट मोडमध्ये अनेक क्वेऱ्यांचं ट्रान्झॅक्शनच करता येत नाही, त्यामुळे तो क्वचित कुणाच्या उपयोगाचा.

ट्रान्झॅक्शन मोड घेतलात की सेशनला चिकटलेलं काहीही भरवशाचं राहत नाही. 'सेट' केलेलं सेटिंग, 'लिसन' (डेटाबेसकडून येणाऱ्या सूचना ऐकत राहणं), सेशन पातळीवरचे ॲडव्हायजरी लॉक, ट्रान्झॅक्शनपलीकडे टिकणारे कर्सर आणि तात्पुरती टेबलं, 'लोड', सगळं. यातलं बरंचसं लगेच एरर देत नाही, तिथेच फसगत होते. ॲडव्हायजरी लॉक एका कनेक्शनवर घेतला जातो, सोडायची क्वेरी दुसऱ्यावर जाते, इशारा लॉगमध्ये पडून राहतो आणि लॉक तसाच. 'पीजी_ॲडव्हायजरी_एक्सॅक्ट_लॉक' वापरलं तर प्रश्न मिटतो, कारण तो ट्रान्झॅक्शनसोबत सुटतो. 'सेट'च्या जागी ट्रान्झॅक्शनच्या आत 'सेट लोकल'. ज्यांचं रो लेव्हल सिक्युरिटीचं (कुठल्या ओळी कुणाला दिसाव्यात याचं) गणित 'सध्याचा ग्राहक कोण' हे सेशनमध्ये सेट करण्यावर उभं आहे, त्यांनी तर हा बदल केल्याशिवाय ट्रान्झॅक्शन मोडला हात लावू नये. नाहीतर एका ग्राहकाची ओळख घेऊन दुसऱ्याची क्वेरी धावेल, आणि मग परफॉर्मन्सचा प्रश्न उरत नाही, विदा फुटल्याचा होतो.

यातलं सर्वांत फसवं उदाहरण बॅकअपचं. 'पीजी_डम्प' सुरू होताच सेशन पातळीवर 'सर्च_पाथ' (टेबलं कुठल्या स्कीमांत शोधायची ती यादी) रिकामा करतं आणि 'स्टेटमेंट_टाइमआउट' शून्य करतं. ते ६४३२ वरून ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालवलं की डम्प संपतो, कनेक्शन पूलमध्ये परत येतं, आणि पुढच्या ॲप्लिकेशनाला समोर दिसणारं टेबल 'अस्तित्वात नाही' असा एरर येतो. तोही अधूनमधून, कारण चाळीसांतलं एकच कनेक्शन बिघडलेलं असतं. 'सर्व्हर_रीसेट_क्वेरी'मध्ये 'डिस्कार्ड ऑल' दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. ती फक्त सेशन मोडमध्ये चालते. बॅकअप, मायग्रेशन, रेप्लिकेशन आणि डीबीएचं लॉगिन यांच्यासाठी ५४३२ चा थेट रस्ता राखून ठेवावा.

'लिसन' वापरणाऱ्या एखाद्या वर्करसाठी पूर्ण पीजीबाउन्सर सेशन मोडवर नेण्याची गरज नाही. डेटाबेस विभागात त्याच डेटाबेसच्या दोन नोंदी करता येतात: एक मूळ नावाची, ट्रान्झॅक्शन मोडची. दुसरी वेगळ्या नावाची, 'पूल_मोड' सेशन आणि 'पूल_साइझ' ५. वर्करने दुसऱ्या नावाला जोडायचं.

प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे सर्व्हरवर एकदा तयार करून पुन्हापुन्हा चालवायची क्वेरी, हा वर्षानुवर्षांचा काटा होता. पीजीजेडीबीसी हा जावाचा ड्रायव्हर एकच स्टेटमेंट पाचव्यांदा चाललं की ते सर्व्हरवर नाव देऊन ठेवतं. पुढची क्वेरी दुसऱ्या कनेक्शनवर गेली की ते नाव तिथे सापडत नाही, नाहीतर आधीच दुसऱ्या कुणाचं असतं. म्हणून जुन्या सगळ्या सल्ल्यांत 'प्रिपेअर_थ्रेशोल्ड शून्य करा', 'रेल्समध्ये प्रिपेअर्ड स्टेटमेंट बंद करा' असं लिहिलेलं आढळतं. २०२३ मधल्या १.२१ ने हे बदललं. 'मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स' शून्याहून जास्त ठेवलं की पीजीबाउन्सर स्वतः हिशेब ठेवतं आणि ज्या कनेक्शनवर स्टेटमेंट नसेल तिथे आधी तयार करून मग चालवतं. त्या आवृत्तीत डिफॉल्ट शून्य होता, हल्लीच्या आवृत्त्यांत २०० आहे. दोन अटी आहेत. हे प्रोटोकॉल पातळीवरच्या स्टेटमेंटांनाच लागू, एसक्यूएलमध्ये हाताने लिहिलेल्या 'प्रिपेअर'ला नाही. आणि ॲप्लिकेशन दर वेळी वेगळ्या लांबीची 'इन' यादी बनवून नवंच स्टेटमेंट तयार करत असेल तर कॅश नुसती भरत आणि रिकामी होत राहते. जांगो वापरणाऱ्यांनी 'डिसेबल_सर्व्हर_साइड_कर्सर्स' चालू करावं, ती कटकट अजून आहे.

पूलचा आकार ठरवताना बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: 'डिफॉल्ट_पूल_साइझ' हा आकडा अख्ख्या पीजीबाउन्सरचा नसतो, डेटाबेस आणि युजर यांच्या प्रत्येक जोडीचा असतो. डिफॉल्ट २० आहे. तीन डेटाबेस, चार युजर, म्हणजे २४० पर्यंत कनेक्शनं. पोस्टग्रेस मात्र डिफॉल्टने १०० वर थांबतं, त्यातलीही तीन सुपरयुजरसाठी राखीव. पीजीबाउन्सर लावूनही 'टू मेनी क्लायंट्स' दिसतं ते यामुळे. वरची मर्यादा 'मॅक्स_डीबी_कनेक्शन्स'ने घालावी, डिफॉल्टने ती नाही. कुबरनेटिसमध्ये प्रत्येक पॉडशेजारी (ॲप्लिकेशनच्या चालत्या प्रतीशेजारी) एक पीजीबाउन्सर ठेवण्याची फॅशन आहे. ३० पॉड गुणिले २०, म्हणजे ६०० कनेक्शनं, आणि प्रत्येक पूल दुसऱ्यापासून अलग. पूलर वाटून घेतला तरच पूलर. मधे दोन-तीन प्रतींची एक सामायिक फळी ठेवावी.

१६ कोअरचं मशीन, वेब ॲप्लिकेशन, एक मुख्य युजर, एवढं धरून सुरुवातीचे आकडे असे ठेवता येतील:

- 'पूल_मोड' ट्रान्झॅक्शन, 'डिफॉल्ट_पूल_साइझ' ३०, 'रिझर्व्ह_पूल_साइझ' ५, 'मॅक्स_डीबी_कनेक्शन्स' ४०
- 'मॅक्स_क्लायंट_कॉन' ५००० (डिफॉल्ट १०० अगदीच तोकडा). त्यासोबत सिस्टिमडीच्या युनिटमध्ये उघड्या फाइलींची मर्यादा किमान १०,०००
- 'क्वेरी_वेट_टाइमआउट' १५ सेकंद
- 'सर्व्हर_लॉगिन_रीट्राय' १ किंवा २ सेकंद
- 'इग्नोर_स्टार्टअप_पॅरामीटर्स'मध्ये 'एक्स्ट्रा_फ्लोट_डिजिट्स', जावासाठी
- 'लॉग_कनेक्शन्स' आणि 'लॉग_डिस्कनेक्शन्स' शून्य, नाहीतर पीएचपीच्या रेट्यात लॉग डिस्क भरून टाकतात

'क्वेरी_वेट_टाइमआउट' डिफॉल्टने १२० सेकंद असतं. वेबपानासमोर दोन मिनिटं कुणी थांबत नाही. माणूस केव्हाच रिफ्रेश करून गेलेला असतो आणि त्याची जुनी क्वेरी रांगेत जागा अडवून बसते. दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो तेव्हा जशी झुंबड उडते, तशा वेळी हीच रांग वाढत वाढत सगळं ठप्प करते. लवकर नकार मिळाला तर ॲप्लिकेशन निदान 'थोड्या वेळाने पाहा' असं तरी दाखवू शकतं. 'सर्व्हर_लॉगिन_रीट्राय' डिफॉल्टने १५ सेकंद: फेलओव्हरनंतर (मुख्य सर्व्हर पडून रेप्लिकाने जागा घेतल्यावर) नवा प्रायमरी तयार असूनही पीजीबाउन्सर पुढचा प्रयत्न तेवढा वेळ करत नाही.

देखरेखीची सोय साधी आणि उत्तम आहे. 'पीजीबाउन्सर' याच नावाच्या आभासी डेटाबेसला पीएसक्यूएलने जोडा आणि 'शो पूल्स' म्हणा. 'सीएल_वेटिंग' शून्य हवं. क्षणभर वर गेलं तर चालेल. 'मॅक्सवेट' म्हणजे रांगेतला सर्वांत जुना क्लायंट किती सेकंद उभा आहे ते. हा आकडा चढत असेल आणि 'एसव्ही_आयडल' शून्य असेल तर पूल पूर्ण भरलाय. इथे लगेच पूल वाढवण्याचा मोह आवरा आणि आधी डेटाबेसचा सीपीयू बघा. सीपीयू भरलेला असेल तर पूल वाढवून क्वेऱ्या आणखी हळू होतील. दोष क्वेरीचा किंवा इंडेक्सचा आहे, 'पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स' उघडा. सीपीयू निवांत आणि तरी सगळी कनेक्शनं गुंतलेली, असं असेल तर 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'मध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'ची रांग दिसेल. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून मधेच पेमेंट गेटवेला फोन लावलाय, तिथून उत्तर यायला दोन सेकंद, आणि तेवढा वेळ कनेक्शन नुसतं धरून ठेवलंय. कोड सुधारेपर्यंत पोस्टग्रेसच्या बाजूला 'आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट' लावावा.

'शो स्टॅट्स'मधले वेळ मायक्रोसेकंदांत असतात. मिलिसेकंद समजून घाबरून जाऊ नका. 'ॲव्हरेज एक्सॅक्ट टाइम' आणि 'ॲव्हरेज क्वेरी टाइम' यांत मोठं अंतर असेल तर ट्रान्झॅक्शनच्या आत रिकामा वेळ जातोय, हेच निदान आकड्यांत मिळतं. एक गैरसोय: पोस्टग्रेसला आता सगळे क्लायंट पीजीबाउन्सरच्याच पत्त्यावरून आलेले दिसतात. 'ॲप्लिकेशन_नेम_ॲड_होस्ट' चालू केल्यावर मूळ पत्ता नावात जोडला जातो.

मर्यादांत पहिली म्हणजे एकच थ्रेड. मशीन ३२ कोअरचं असलं तरी एक पीजीबाउन्सर एकच कोअर वापरतं. साध्या क्वेऱ्यांना तो खूप काळ पुरतो, पण टीएलएस आणि मोठमोठे निकाल आले की तो कोअर १०० टक्क्यांवर जातो. 'टॉप'मध्ये एकूण सीपीयू तीन-चार टक्केच दिसतो, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही, प्रोसेसनिहाय पाहावं. उपाय म्हणजे 'एसओ_रीयूजपोर्ट' चालू करून त्याच पोर्टवर अनेक प्रती. मात्र प्रत्येक प्रतीचा पूल स्वतंत्र, म्हणून चार प्रती केल्या तर वरचे पूलचे आकडे चाराने भागा. शिवाय क्वेरी रद्द करण्याची विनंती नव्या कनेक्शनवरून येते आणि भलत्याच प्रतीकडे पोचते. १.१९ पासून 'पीअर्स' विभागात प्रतींची एकमेकांशी ओळख करून दिली की ती योग्य जागी पोचवली जाते.

'पॉज' आणि 'रिझ्यूम' या दोन आज्ञांसाठी तर हे साधन खास ठेवावं. 'पॉज' दिलं की चालू ट्रान्झॅक्शनं संपतात, नव्या क्वेऱ्या दारात थांबतात. तेवढ्यात पोस्टग्रेस रीस्टार्ट करा किंवा रेप्लिकाला प्रायमरी करून फाइलीत होस्ट बदला, 'रीलोड', मग 'रिझ्यूम'. क्लायंटला एरर न दिसता थोडा उशीर दिसतो. सेशन मोडमध्ये मात्र 'पॉज' क्लायंट सुटण्याची वाट पाहत बसतं, म्हणजे ॲप्लिकेशन पूल असेल तर जवळजवळ कायमचं. 'पॉज' देण्याआधी 'क्वेरी_वेट_टाइमआउट' तुमच्या अपेक्षित खंडापेक्षा मोठा आहे ना ते तपासा.

१.२३ मध्ये बंद होण्याची रीत बदलली. बंद होण्याचा सिगटर्म हा सिग्नल आला की पीजीबाउन्सर आता सगळे क्लायंट जाईपर्यंत थांबतं; ताबडतोब बंद करायला सिगक्विट. रोलिंग रीस्टार्टसाठी हे छान आहे, पण कुबरनेटिस ३० सेकंदांनी थेट सिगकिल पाठवतं. ग्रेस पीरियड वाढवा आणि ॲप्लिकेशन पूलमधल्या कनेक्शनांचं आयुष्य त्याहून कमी ठेवा.

वाचनाच्या क्वेऱ्या आपोआप रेप्लिकाकडे पाठवणं पीजीबाउन्सर करत नाही, आणि प्रायमरी कोण हेही ते ठरवत नाही. फेलओव्हरला पॅट्रोनी, त्यापुढे एचएप्रॉक्सी ही नेहमीची जोडी. वाचन-लेखन वेगळं करायला पीजीपूल-२ आहे, पण त्याचं पूलिंग प्रत्येक चाइल्ड प्रोसेसपुरतं असल्यामुळे हजारो क्लायंट चाळीस कनेक्शनांवर बसवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही. एक कोअर खरंच अपुरा पडत असेल तर यांडेक्सचं ओडिसी अनेक थ्रेडांवर चालतं, रस्टमधलं पीजीकॅट लोड बॅलन्सिंगही करतं. ॲमेझॉनच्या आरडीएस प्रॉक्सीचा स्वभाव उलटा आहे: सेशनची अवस्था बदलताना दिसली की तो क्लायंटला त्या कनेक्शनशी बांधून टाकतो. काही मोडत नाही, पण पूलिंगचा फायदा गुपचूप नाहीसा होतो आणि बिल येत राहतं. तिथे बांधलेल्या सेशनांचा आकडा क्लाउडवॉचमध्ये पाहत राहावा. ॲझ्युअरच्या फ्लेक्सिबल सर्व्हरमध्ये पीजीबाउन्सर आतच दिलेलं असतं, ६४३२ पोर्टवरच; सेटिंगमधून चालू केलं की झालं, ट्रान्झॅक्शन मोडचे वरचे सगळे नियम तिथेही तसेच लागू.